घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात) एमबीबीएस करतोय. किडनी प्रत्यारोपणात संशोधन करायचं तर एमएसनंतर काय निवडू?

युरॉलॉजीत (मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांची शाखा) एमसीएच, म्हणजे एमएसनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी करा, कारण आपल्याकडे किडनी बसवण्याची शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी युरॉलॉजिस्टच करतात. त्याआधी जनरल सर्जरीचं 3 वर्षांचं एमएस, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा आणि पुन्हा एमसीएचची 3 वर्षं. एमएस मन लावून करा. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला, पोटाच्या पडद्याबाहेर बसवतात आणि पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. म्हणून पोटाची रचना पाठ आणि रक्तवाहिनीचे टाके हातात बसलेले हवेत. संशोधनासाठी मात्र एमसीएचची वाट पाहू नका, आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची एसटीएस ही छोट्या संशोधनाची योजना एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. विषयही घरचाच घ्या: मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप पाहणारी झेडटीसीसी ही विभागीय समिती संभाजीनगरातच आहे, आणि नातेवाईक दानाला होकार का देतात, नकार का देतात हे मराठवाड्यात नीट विचारायलाच हवं. (एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या.) फक्त एवढं पाहा, तुमचा ओढा शस्त्रक्रियेपेक्षा ‘शरीर परकी किडनी का नाकारतं’ या प्रश्नाकडे असेल, तर एमडी मेडिसिननंतर डीएम नेफ्रॉलॉजी (किडनीविकारांची सुपरस्पेशालिटी) किंवा इम्युनॉलॉजीत (रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र) पीएचडी हा जवळचा रस्ता.