फोंड्यात पावसाळ्यात नळाचं पाणी तांबूस येतं, कुठला आरओ घ्यावा?

पुण्याहून गोव्यात फोंड्याला आलोय, पावसाळा लागल्यापासून नळाला तांबूस पाणी येतंय, आरओ तर घ्यायचाच आहे, कुठल्या कंपनीचा घेऊ, असं तुम्ही विचारलंय. 'घ्यायचाच आहे' हे कोणी ठरवलं? पुण्याहून आलेल्या माणसाने आरओचं, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या मशीनचं, नाव काढलं की मला माझा मेहुणा आठवतो, तेव्हा उत्तर लांबणार.

मी अठरा वर्षं खाणीवरच्या लॅबमध्ये काढली. खनिजात लोह किती टक्के, एवढंच दिवसभर बघायचं. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि मी घरी बसलो. पुढच्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पाचेक दिवस राहिले होते, मी माटोळीचा (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायचा) सांगाडा खाली काढून पुसत होतो, आणि मेहुणा एका मशीन विकणाऱ्याला घेऊन दारात हजर. "भावोजी, पैशांचं मी बघतो, तुम्ही फक्त हो म्हणा." घरी बसलेल्या माणसाला हे वाक्य कुठे लागतं ते सांगायला नको. बायको आत गेली ती चहा घेऊनच बाहेर आली, मध्ये बोलली नाही.

त्या पोराने टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. वर चार दांड्यांचं एक खेळणं, प्रत्येक ग्लासात दोन दांड्या. बटण दाबलं. मिनिटभरात आमच्या ग्लासात आधी हिरवट, मग तपकिरी लगदा तरंगायला लागला. त्याचं पाणी स्वच्छ. आईने तोंडाला पदर लावला. "हे तुम्ही रोज पिता," पोरगा म्हणाला.

मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या 'शुद्ध' ग्लासात टाकलं आणि म्हटलं, आता दाब बटण. तो दाबेना, मीच दाबलं. त्याचं पाणी आमच्यापेक्षा घाण झालं. कारण साधं आहे. एक दांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. लगदा पाण्यातला नव्हेच, दांडीचा. पोरगा खेळणं पिशवीत भरून गेला. मेहुण्याने चहा अर्धा ठेवला. त्या चवथीला आम्ही एकमेकांशी पाण्याखेरीज सगळ्या विषयांवर बोललो.

आता तुमच्या पाण्याविषयी. फोंड्याला ओपाच्या जलशुद्धीकरण प्लांटचं पाणी येतं, म्हणजे खांडेपार नदीचं. ते आधीच मऊ आहे, क्षार कमी. माझ्या मीटरवर घरच्या नळाचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, साठ-सत्तरच्या वर कधी गेला नाही, आणि भारतीय मानकाची मर्यादा 500 आहे. मेहुणा राहतो तिथे बोअर आणि टँकरचं पाणी, नऊशेच्या घरात. बादलीला पांढरे थर बसतात. त्याने आरओ घ्यावाच. पण साठाचं सहा करून, वर एक लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडून आपण काय मिळवतो? राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली, टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, असं केंद्राला सांगितलं. ती बातमी मी मेहुण्याला पाठवली. दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही.

तांबूस रंग कुठून येतो ते आधी बघा. पहाटे नळ सोडल्यावर पहिली बादली तांबडी आणि पुढची स्वच्छ, तर तुमच्या इमारतीची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पाइप गंजली आहे. दिवसभर सारखंच गढूळ, तर नदीचा गाळ. वर सगळा खाणपट्टा आणि चिऱ्याची जमीन, आषाढात तुरटी कितीही वाढवली तरी थोडा येतोच. आणि पाणी येताना स्वच्छ पण रात्रभर पातेल्यात ठेवल्यावर पिवळं पडून तळाशी साका बसत असेल, तर त्यात विरघळलेलं लोह आहे, आणि ते बहुधा विहिरीचं किंवा बोअरचं पाणी. तुमच्या सोसायटीत टँकर येतो का, ते वॉचमनला विचारा, सेक्रेटरीला नको. यातल्या पहिल्या दोन्हींना तीनशे-चारशे रुपयांची गाळाची कँडल, म्हणजे गाळ अडवणारा फिल्टर, पुरते, महिन्याला घासायची. टीडीएस मीटरला गाळही दिसत नाही आणि जंतूही, म्हणून तो आकडा दाखवून कोणी घाबरवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

इथवर मी जिंकलो होतो. पण 2016 च्या पावसाळ्यात मुलाला कावीळ झाली. बारावीचं वर्ष, तीन आठवडे पोरगा अंथरुणात, डोळे हळदीसारखे. वाड्यावर आणखी दोन घरांत तेच. मीटरपासून घरापर्यंतची आमची स्वतःची नळी गटाराच्या कडेने जात होती. बदलायची बदलायची म्हणत मी ती तीन वर्षं लांबवली होती, पैसे नव्हते म्हणून. प्लंबरने ती कापली आणि तुकडा माझ्या हातात दिला. आतून गंजाचे फोड, मधलं भोक पेन्सिल जाईल एवढंच, आणि खालच्या अंगाला नखाएवढी चीर. "सर, ही पायप न्हय, ही खण," तो कोकणीत म्हणाला, म्हणजे ही नळी नव्हे, खाण. पाणी सुटलेलं असतं तेव्हा चिरेतून बाहेर गळतं. पुरवठा बंद झाला की नळीतला दाब जातो आणि तीच चीर गटाराचं पाणी आत ओढते. प्लांटमध्ये क्लोरिन कितीही घाला, शेवटच्या वीस हातांत सगळं वाया.

मेहुणा धावत आला. दवाखान्यात बसून म्हणाला, "भावोजी, ते मशीन असतं तर?" त्याचं चुकलं नव्हतं. त्या मशीनने जंतू अडवले असते. पण ते काम यूव्हीनेही, म्हणजे अतिनील उजेडाने जंतू मारणाऱ्या मशीननेही केलं असतं, निम्म्या पैशात, आणि फुकटात करायचं तर पाणी एक मिनिट खळखळून उकळलं असतं तरी झालं असतं. हे मी तिथे बोललो नाही, इथे लिहितोय.

म्हणून घ्यायचंच तर गाळाची कँडल, कार्बन आणि यूव्ही असलेलं घ्या. कँडल आधी हवी, कारण गढूळ पाण्यात यूव्हीचा उजेड पोचत नाही. कार्बन क्लोरिन काढून टाकतं, म्हणून गाळलेलं पाणी दोन-दोन दिवस साठवू नका. पाण्यात क्लोरिन पोचतंय का ते बघायला ओटीओचे थेंब मिळतात, पाणी पिवळं झालं की आहे. अजिबात पिवळं होत नसेल तर मात्र उकळूनच प्या, मशीन येईपर्यंत थांबू नका. एक राहिलं: दुर्भाटच्या बाजूला, खाडीजवळ घर असेल आणि बोअर खारट लागत असेल, तर माझं वरचं सगळं विसरा, आरओच घ्या.

कंपनीचं मला विचारू नका, ते मेहुण्याला पाठ आहे. नळीचा तो तुकडा अजून माझ्या खिडकीत आहे, चवथीला मेहुणा आला की तो त्या तुकड्याकडे बघतो आणि मी मेहुण्याकडे. तुम्ही आधी एवढंच सांगा, तुमच्या इमारतीची खालची टाकी शेवटची कधी धुतली?