गुलमर्गला ऑफ-पिस्ट (आखलेल्या उतारांबाहेर) स्कीइंगसाठी अ‍ॅव्हलांच एअरबॅग, म्हणजे हिमस्खलनात हँडल ओढलं की फुगणारी पाठीवरची बॅग, घ्यायची आहे. गॅस सिलिंडरवाली घेऊ की इलेक्ट्रिक?

इलेक्ट्रिक घ्या, त्यातही सुपरकपॅसिटरवाली (बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर नावाच्या भागात वीज साठवणारी). विमानात सिलिंडर न्यायचा तर एअरलाइनची परवानगी आधी काढावी लागते, आणि एकदा हँडल ओढलं की तो रिकामा. मग भरून आणायची वणवण. इलेक्ट्रिक बॅगेत पंखा हवा भरतो, त्यामुळे चार्ज करून घरी हवा तेवढा सराव फुकटात होतो. तो हवाच: २०१४ साली आलेल्या अभ्यासात एअरबॅग फुगल्यावर मृत्यूचं प्रमाण २२ वरून ११ टक्क्यांवर आलं, पण दर पाचातली एक बॅग फुगलीच नव्हती, आणि त्यातही निम्म्याहून जास्त वेळा कारण एकच, हँडल ओढलंच गेलं नाही. शिवाय सुपरकपॅसिटर थंडीत लिथियम बॅटरीसारखा मान टाकत नाही. दुकानात फावडं आणि प्रोब (गाडलेल्याला शोधायला बर्फात खुपसायची लांब काठी) आत भरून, जाड हातमोजे घालून हँडल पटकन हाती लागतं का ते बघा. मांड्यांमधला पट्टा रोज लावायचा, नाहीतर फुगलेली बॅग अंगातून उपसून निघते. ३० लीटर पुरे. मात्र गुलमर्गच्या अफरवट डोंगरावरच्या एखाद्या घळीत गाडले गेलात किंवा झाडा-खडकावर आपटलात, तर एअरबॅगचा फारसा उपयोग नाही. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सिग्नलने कळवणारं यंत्र), फावडं, प्रोब लागतंच.