पुण्यात माउंटन बाइकची २९ इंची चाकांची कार्बन फुल-सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली) फ्रेम घेतली, तर जुन्या हार्डटेलचे (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलचे) पार्ट त्यावर बसतील का?

थोडेच बसतील. सीट, हँडलबार, बहुतेक डिस्क ब्रेक चालतात. अडतं ते मागच्या चाकावर. जुन्या हार्डटेलचा हब (चाकाचा मधला भाग) बहुधा १३५ मिमी रुंद, क्विक रिलीजचा असतो, नव्या फ्रेमला १४८ मिमी रुंद हब आणि १२ मिमी जाड थ्रू-अ‍ॅक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा दांडा) लागतो. अ‍ॅडॉप्टरच्या नादी लागू नका, चाक नवीनच घ्या. चेनलाइनही (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर) सुमारे ५२ मिमी लागते, म्हणजे क्रँकला जुळत असेल तर ३ मिमी ऑफसेटची चेनरिंग पाहा. पुढच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) बहुधा जागा नसतेच, तेव्हा १×, म्हणजे पुढे एकच चेनरिंग.

१०० मिमीचा फोर्क १३० मिमीसाठी बनवलेल्या फ्रेमला लावला तर हेड अँगल (फोर्कचा कोन) साधारण दीड अंशाने उभा होतो, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा मधला अ‍ॅक्सल) खाली येतो. वेताळ टेकडीच्या दगडांवर पेडल आपटणार.

मागचा शॉक मात्र फ्रेमला सांगितलेल्याच मापाचा हवा, उदा. २१० × ५५ मिमी (लांबी × स्ट्रोक, म्हणजे तो किती दबतो). स्ट्रोक जास्त झाला तर टायर किंवा लिंक (सस्पेन्शनचा हलणारा दुवा) सीट ट्यूबवर आदळते आणि कार्बन तडकतो. बसवल्यावर शॉकमधली सगळी हवा सोडा, सस्पेन्शन पूर्ण दाबा, टायर कुठे घासत नाही ना बघा. मग हवा भरून सॅग (सायकलवर बसल्यावर शॉक जितका दबतो ते) २५–३० टक्के ठेवा.

सीटपोस्टला ग्रीस नको, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट लावा. क्लॅम्प टॉर्क रेंचनेच आवळा, साधारण ५ न्यूटन-मीटर, पण फ्रेमवर आकडा छापलेला असेल तर तोच खरा. पावसाळ्यातला चिखल धुताना सर्व्हिस सेंटरचा प्रेशर गन पिव्होटवर (सस्पेन्शनच्या सांध्यांवर) मारू देऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.