टकलू पोरांचं कोडं

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या नातीला जुन्या अमेरिकन चित्रपट्ट्यांची (कॉमिक्सची) पुस्तकं आणून दिली. आता ती रोज विचारते, ‘चार्ली ब्राऊन आजारी आहे का? त्याला केस का नाहीत?’ बरं, हेन्रीही टकला आणि तो पिवळ्या झग्यातला पोरगाही टकला! तिकडे सरसकट पोरांचे गोटे करायचे की काय? – एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, चार्ली ठणठणीत आहे, हे नातीला आधी सांगून टाका.

तुमच्या तिघांपैकी खरा चमनगोटा एकाचाच, पिवळ्या झग्यातल्या मिकी ड्युगनचा. चित्रकार रिचर्ड आउटकॉल्टनं १८९५ मध्ये त्याला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या पानावर आणलं ते थेट तिथल्या गरीब, खचाखच भरलेल्या वस्तीतून. तिथे उवा झाल्या की पोरांची डोकी सरळ भादरून टाकत. अंगातला झगाही थोरल्या बहिणीचा उतरलेला. पुढे आलेले दात, सुपाएवढे कान. आज कुणी त्याला गोंडस म्हणणार नाही. पण तेव्हा त्याचं चित्र बिल्ल्यांपासून बिस्किटांच्या डब्यांपर्यंत सगळ्यावर होतं.

हेन्रीचं वेगळं. चित्रकार कार्ल अँडरसन यांनी १९३२ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या मासिकात त्याला जन्माला घातलं तेव्हा त्यांचं वय ६७! हेन्री बोलत नाही. बऱ्याचदा त्याला तोंडही काढलेलं नसतं. मुलांच्या मासिकांसाठी चित्रं काढण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगतो, पाठमोरं पात्र ओळखू येणं ही फार अवघड गोष्ट आहे. हेन्री येतो. बारीक मान आणि वर ते तुळतुळीत डोकं, बस्स. तिथे केस आले असते तर तो गर्दीतला कुठलाही मुलगा झाला असता.

आता चार्ली. नातीला म्हणावं, भिंग घेऊन बस. कपाळावर एक वेटोळं दिसेल, मागच्या बाजूला दोन-चार रेघोट्या. तेच त्याचे केस. चार्लीचे चित्रकार चार्ल्स शुल्झ यांचं म्हणणं असं की, पोरगा टकला नाहीच. केस इतके फिके आणि बारीक कापलेले की दिसत नाहीत. गंमत म्हणजे चार्लीचे वडील न्हावी आहेत! शुल्झ यांचे वडीलही मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये केशकर्तनालय चालवत. न्हाव्याच्या पोराच्या डोक्यावर केस नाहीत हा विनोद त्यांनी मुद्दाम केला की आपसूक झाला, देव जाणे.

माझ्या मते खरं कारण जागेचं आहे. चार्लीचं ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वर्तमानपत्रांत सुरू झालं, ते ‘जागा कमी खाणारी पट्टी’ म्हणून विकलं गेलं. सारख्या मापाच्या चार चौकटी. संपादकानं त्या आडव्या लावाव्यात, उभ्या लावाव्यात, नाहीतर दोनावर दोन. इतक्या चिमुकल्या चौकटीत चेहरा वाचता यायचा तर डोकं मोठं हवं आणि त्यावर काळं काही नको. मग धड आखडतं. चार्लीचा हात डोक्याच्या टोकापर्यंत पोचतो का, हे नातीला तपासायला लावा. पोचत नाही! माझ्या वर्गातली मुलं चार्ली काढायला बसली की तो गोल पाहून ‘सोप्पंय’ म्हणतात आणि पहिल्याच गोलाला खोडरबर मागतात. थोडा लांबट झाला की चार्ली जातो, बटाटा उरतो.

आजाराची शंका मात्र नातीनं फार नेमकी काढली. १९९० मध्ये ‘पीनट्स’मधल्या मुलांवर टीव्हीसाठी एक गोष्ट निघाली. त्यात जॅनिस नावाच्या मुलीला रक्ताचा कर्करोग होतो, उपचारांत तिचे केस जातात. शाळेत एक दांडगट पोरगा तिची टोपी उडवून तिला हसतो आणि चार्लीचा मित्र लायनस त्याला चांगलाच झापतो. चार्ली ब्राऊनही त्याच गावातला; पण त्या गोष्टीत त्याच्या टकलाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्यांच्या लेखी त्याला केस आहेत.