आठ आठवड्यांत भाषाही आली नाही, कामही झालं नाही

पीएचडी करणारी मुलं उन्हाळ्यात परदेशी जातात ती बहुधा दोन कामं घेऊन. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी अभिलेखागारात किंवा क्षेत्रावर संशोधन. शिष्यवृत्ती असते सहा-आठ आठवड्यांची. निम्मा काळ सरला की त्यांच्यापैकी काहीजण माझ्याशी बोलायला येतात आणि थोड्याफार फरकाने एकच गोष्ट सांगतात, "मॅडम, मला इथे काहीच जमत नाहीये. परत जाऊन सरांना काय तोंड दाखवू?"

त्यातल्या एका मुलीचा अनुभव तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. विषय इतिहास. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांची पत्रं वाचायला ती जर्मनीत गेली होती. निघण्याआधी जर्मनची बी1, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेली. चौथ्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आली ती रडतच.

"पेटी उघडली, पत्र हातात घेतलं आणि एक ओळ वाचता येईना. मग इतकी वर्षं मी शिकले काय?"

मी तिला ते पान दाखवायला सांगितलं. जुन्या कुरेंट लिपीतलं पत्र होतं. या लिपीत 'ए' आणि 'एन' ही अक्षरं जवळपास सारखीच दिसतात. 'यू'सुद्धा तसाच, म्हणून त्याच्यावर एक छोटी कमान काढायची पद्धत होती. 1941 मध्ये जर्मनीतल्या शाळांमधून ही लिपी गेली आणि आज तिथल्याही बहुतेकांना ती शिकल्याशिवाय वाचता येत नाही. मराठी मातृभाषा असलेल्या माणसापुढे मोडीतलं पत्र ठेवावं, तसाच हा प्रकार. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण घाबरलेलं मन माहीत असलेल्या गोष्टीही स्वतःच्या विरोधात मांडतं.

खरा सल मात्र पुढे निघाला. वाचनकक्षातल्या बाईंकडे तिने एक पेटी मागितली. बाईंनी भराभर काहीतरी उलट विचारलं. हिला कळलं नाही, हिने मान डोलावली. चुकीची पेटी आली. 'ही नको' म्हणायची इतकी लाज वाटली की संध्याकाळपर्यंत ती तीच चुकीची पेटी चाळत बसली. दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. रोज रात्री घरच्यांशी आणि मैत्रिणींशी तासन्‌तास फोन, आणि दिवसभरात वर्गाबाहेर कुणाशी एक अक्षर नाही.

या मुलांचं नुकसान भाषा करत नाही, लाज करते असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी आयुष्यभर हुशारीच्या बळावर मान मिळवला, त्यांना परक्या भाषेत अचानक लहान मुलासारखं बोलावं लागतं. मनात नेमका युक्तिवाद तयार असतो, तोंडातून निघतं 'हे चांगलं आहे'. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये परकीय भाषेच्या वर्गातली ही चिंता वेगळी ओळखून तिची मोजपट्टीही तयार केली. म्हणजे हा बुद्धीचा दोष नव्हे, ओळखीचा आणि अभ्यासलेला त्रास आहे.

दुसरं, अपेक्षेचं गणितच चुकलेलं असतं. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना कामापुरती जर्मन यायला साधारण 36 आठवड्यांचं पूर्णवेळ शिक्षण धरतात. जपानी, चिनी किंवा अरबीसाठी 88 आठवडे, सुमारे 2200 तास. तेही भाषा शिकणं एवढंच काम असताना. बी1 पातळीची हमी आहे प्रवासात येणाऱ्या बहुतेक प्रसंगांत निभावून नेण्याची, दीडशे वर्षांपूर्वीची हस्तलिखितं वाचण्याची नाही. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा थोडी सैलावली.

तिने विचारलं, "पण मोठ्या संशोधकांचं असं होत नसेल ना?" मी तिला मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीबद्दल सांगितलं. ज्याने लोकांमध्ये राहून, त्यांची भाषा शिकून संशोधन करण्याची पद्धत रुजवली, त्याची पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिअंड बेटांवरच्या काळातली खासगी डायरी 1967 मध्ये छापली गेली. ती एकटेपणाने, वैतागाने आणि घरच्या ओढीने भरलेली आहे.

मग उरलेल्या चार आठवड्यांचं काय करायचं, ते आम्ही ठरवलं. सगळी पत्रं वाचायचा हट्ट सोडायचा. त्याऐवजी कुठल्या पेटीत कुणाची, कोणत्या वर्षांची पत्रं आहेत आणि त्यांचे क्रमांक काय, याची नीट यादी करायची. परवानगी असेल तिथे फोटो घ्यायचे. वाचनासाठी एकच पत्रलेखक धरायचा आणि त्याच्या हाताचं एकेक अक्षर वहीत गिरवून तक्ता करायचा. दहा जणांची अक्षरं एकदम डोळ्यांत भरून घेतली तर एकही बसत नाही.

बोलण्यासाठी मी एकच काम दिलं. त्याच बाईंकडे जाऊन म्हणायचं, "मी अजून शिकते आहे, कृपया सावकाश सांगाल का?" हे वाक्य तिने माझ्यासमोर तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा न अडखळता. त्या बाईंनी सावकाश सांगितलं, वर छापील सूचीचा खंडही काढून दिला. घरचा फोन मी बंद करायला सांगितला नाही. तो आधार आहे. फक्त जेवणानंतर अर्धा तास, एवढी वेळ ठरवली.

गाइडसरांना मेल लिहिणं तिला सगळ्यात जड गेलं. अडचण लपवून शेवटी एकदम सांगण्यापेक्षा मध्येच सांगितलेली बरी, या माझ्या म्हणण्यावर तिने पाच ओळींचा मेल पाठवला. सरांचं उत्तर आलं: यादी पुरेशी आहे, प्रकरणाची मांडणी त्यावर ठरवू.

परदेशी गेलेल्यांचं मन आधी उंच, मग खाली, मग पुन्हा वर असा प्रवास करतं, अशी मांडणी समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी 1955 मध्ये फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाऊन आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांवरून केली होती. तो आलेख मी कुणाच्या हातात देत नाही. नंतरच्या संशोधनात अनेकांना सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच झालेला दिसला आहे, आणि 'आता खाली जायची पाळी' असं वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. मात्र दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर परतायची वाट न पाहता तिथल्याच विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी जा, जवळच्या माणसालाही सांगा.

परतल्यावर ती महिनाभर पुन्हा उदास होती. घरी सगळ्यांना फोटो बघायचे होते, यादीबद्दल विचारणारं कुणी नव्हतं. हेही अनेकांचं होतं. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या: दर शनिवारी वर्गातल्या एका मैत्रिणीशी तासभर जर्मनमध्ये बोलायचं आणि रोज फोटोंमधलं अर्धं पान वाचायचं. पहिलं पूर्ण पत्र तिने दिवाळीच्या सुमारास वाचून काढलं, आणि पुढच्या अर्जात यादीतल्या तीन पेट्यांचे क्रमांक घालून फक्त संशोधनासाठी शिष्यवृत्ती मागितली.