पुण्याची वापरलेली केमन निपाणीत आणावी का? तिची किंमत खरंच टिकते का?

तुम्ही निपाणीचे. पुण्यात २०१७ ची पोर्शे ७१८ केमन तुम्हाला मिळते आहे, एमएच-१२ पासिंग, आणि ‘स्पोर्ट्स कारची किंमत पडत नाही, हौस फुकटात होते’ असं विकणारा सांगतोय. हे कितपत खरं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बेळगावचा. उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे. २०१९ मध्ये मी पुण्याहूनच २०११ ची केमन आणली, २.९ लिटरची, पीडीके म्हणजे पोर्शेच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. ती अजून माझ्याकडे आहे, त्यामुळे पुढचे आकडे माझ्या वहीतले आहेत.

गाडी २८ लाखांना घेतली. गेल्या दिवाळीत धारवाडच्या एका डॉक्टरांनी २९ लाखांना मागितली. मित्रांना हे सांगितलं की ते म्हणतात, बघ, एक रुपया पडला नाही. वहीत मात्र दुसरी पानंही आहेत. कर्नाटकचा आजीवन कर सहा लाखांच्या वर गेला. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड-डिस्क आणि सगळी ऑइलं बदलण्यात पहिल्याच वर्षी चार लाख गेले. म्हणजे गाडी मला ३८ लाखांना पडली. त्यात विमा आणि पेट्रोल धरलेलं नाही.

कराचं नीट समजून घ्या, कारण आपल्या सीमाभागात सगळा खेळ इथेच आहे. वीस लाखांवरच्या गाडीला कर्नाटकात १८ टक्के कर आणि त्यावर सेस लागतो. दुसऱ्या राज्यातून जुनी गाडी आणली तर हा कर तुम्ही मोजलेल्या किमतीवर बसत नाही, गाडी नवी असतानाच्या किमतीवर बसतो. वय वाढेल तशी टक्केवारी उतरते, एवढाच दिलासा. तुमची केमन नवी असताना ऐंशी लाखांच्या वर होती. त्याचे १८ टक्के साडेचौदा लाखांच्या आसपास होतात. वयाची सूट वजा केली तरी निम्मे धरून चाला. गाडीचं मूळ इन्व्हॉइस घेऊन आधी चिक्कोडीच्या आरटीओत जा, आकडा लिहून घ्या, मगच पुण्यात टोकन द्या. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, तो अर्ज कर्नाटकात गाडीची नोंदणी झाल्यावर करा.

आता खरी अडचण. हा भरलेला कर विकताना सगळ्यांकडून वसूल होत नाही. माझ्या गाडीला कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक ३१ लाख द्यायला तयार होतं. केए-२२ पासिंग बघितल्यावर त्यांनी महाराष्ट्राचा कर वजा करून २६ वर आणली. त्यांचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर, पण गाडीच्या बाजारात मध्ये एक भिंत आहे, आणि ती ओलांडायचे पैसे दर वेळी द्यावे लागतात. तुम्ही एकदा ओलांडून आणणार आणि पुढचं गिऱ्हाईक कोल्हापूरचंच मिळालं तर पुन्हा ओलांडून पाठवणार.

यावर आपल्याकडे सर्रास एक उपाय सांगतात: कागलच्या मामांच्या नावावर, एमएच-०९ पासिंगवर गाडी ठेवायची आणि निपाणीत फिरवायची. माझं ऐका, हे करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे नोंदणी करावी लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आरसी मामांची आणि पैसे तुमचे. अपघातात गाडी गेली तर विम्याचा चेक मामांच्या नावाने निघेल. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सही मामांची लागेल. उद्या मामांचं काही झालं तर त्यांच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करत फिराल. एका गाडीपायी नात्यात कटुता यावी, इतकी कुठलीच गाडी मोठी नाही.

किंमत टिकते ती कशी, हेही सांगतो, कारण विकणारा अर्धं खरं बोलतोय. पूर्ण तयार होऊन परदेशातून येणाऱ्या अशा गाडीवर सीमाशुल्कच मूळ किमतीइतकं बसतं. वर नोंदणीचा कर. हा सगळा भार पहिला मालक उचलतो आणि पहिल्या चार-पाच वर्षांत त्याची मोठी घसरण सोसतो. त्यानंतर घसरण मंदावते. दुसरं कारण रुपयाचं आहे. २०१७ मध्ये एक युरो ७२-७५ रुपयांना होता, २०२५ मध्ये तो शंभरापार गेला. नवी गाडी त्या प्रमाणात महागली आणि जुनीचा भाव तिच्याबरोबर वर ओढला गेला. म्हणून ‘२८ ला घेतली, २९ ला मागणी आली’ यात गाडीचं मोल जेवढं आहे तेवढंच रुपयाचं आकसणंही आहे. तेच २८ लाख मुदत ठेवीत टाकले असते तर आज किती झाले असते, हा हिशेब मी केला आहे. तो गाडीच्या बाजूने येत नाही.

परदेशात या गाड्यांचे भाव वाढतात, ते व्हिडिओ बघून मन भरू नका. तिथेही सगळ्या वाढत नाहीत. पोर्शेचीच १९९८ पर्यंतची हवेने थंड होणारी ९११ चढत गेली. तिच्यानंतरची ९११ ची पिढी, ९९६, वर्षानुवर्षं स्वस्तच राहिली, कारण १९९७ ते २००८ मधल्या त्या पिढ्यांच्या इंजिनांतल्या आयएमएस बेअरिंगची (मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते तुटलं तर इंजिनच जातं) धास्ती गिऱ्हाइकाच्या मनातून गेली नाही. तुमच्या ७१८ ला ती भीती नाही. पण तिचं इंजिन चार सिलिंडरचं टर्बो आहे, आणि जुन्या सहा सिलिंडरच्या आवाजावर जीव असलेली माणसं त्याला कमी मोजतात. पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, त्याने मागणीला थोडा आधार मिळेल. पण भारतातली गाडी भारतातच विकायची आहे, आणि इथे घेणारी माणसं मोजकी. माझी गाडी वर्षभर विकायला होती, त्यात मनापासून विचारणारे तिघेच आले.

जुन्या गाडीच्या तपासणीत मी स्वतः चुकलो. ‘पेंट ओरिजिनल’ या शब्दावर विश्वास ठेवला. डावा दरवाजा आणि मागचा फेंडर पुन्हा रंगवलेला होता, हे घरी आणल्यावर पेंट गेज, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजायचं यंत्र, लावला तेव्हा कळलं. धारवाडचे डॉक्टर गेज घेऊनच आले होते, त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ते काढलं आणि भावातून पैसे कमी केले. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, ३२१७ असेल तर तो २०१७ च्या ३२ व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसते पण रबर दगड झालेलं असतं, आणि आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात तवंदी घाटात ते कळतं. पुढच्या बंपरच्या जाळीत टॉर्च मारा, रेडिएटरपुढे पाला साचून कुजलेला असतो. सर्व्हिसच्या नोंदी सलग हव्यात. दोन वर्षांचं भगदाड दिसलं तर कारण विचारा.

विम्याचं एक लक्षात ठेवा. पाच वर्षांपर्यंत आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या कोष्टकाने उतरते. त्यापुढे ती तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. प्रीमियम वाचवायला कमी आयडीव्ही घेतली तर मोठ्या अपघातात तेवढेच पैसे हातात येतील.

आणि गाडी चालवा. आमच्या शॉपजवळचा मेस्त्री पहिल्याच महिन्यात म्हणाला होता, “मालक, उभी ठेवलासा तर सडती.” इथेनॉलचं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने राहिलं की पाणी धरतं, सील सुकतात, बॅटरी मरते. मी दर रविवारी पहाटे कित्तूरपर्यंत जाऊन येतो. हायवे मोकळा असतो, डोक्यामागे इंजिनाचा आवाज असतो, उजाडताना परत फिरतो. माझे गेलेले पैसे मी या सकाळींच्या खात्यावर लिहिले आहेत आणि मला त्यांचं दुःख नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: ही पुण्याची गाडी सोडा. केमनच हवी असेल तर बंगळूर-हुबळीकडे केए पासिंगची शोधा, दोन-तीन लाख जास्त पडले तरी चालतील. कराचे त्याहून जास्त वाचतील. आणि किंमत टिकणं हीच पहिली अट असेल तर २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ बघा. भारतात २०० च आल्या, नवी ३६ लाखांची होती, २४५ पीएसची. शोधणारे जास्त आणि गाड्या कमी, म्हणून भाव धरून आहे. पुष्कळसे सुटे भाग साध्या ऑक्टाव्हियाचे चालतात, चार माणसं बसतात आणि बेळगावातला चांगला मेस्त्री तिचं काम करू शकतो.

बघायला जाणार असाल तर कळवा. पेंट गेज माझ्याकडे आहे, शॉपवर येऊन घेऊन जा.