'घेऊ नका' म्हणणारा एजंट

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू आलीस तेव्हा पोह्यांची बशी तशीच राहिली आणि तू दोन तास मला मोबाइलवर पुण्यात घर दाखवणाऱ्या सहा एजंटांचे निरोप वाचून दाखवत बसलीस. पुनावळ्याचा टू बीएचके दाखवणारा 'हा दर फक्त आजच्यापुरता' म्हणतो, वारज्याच्या रीसेलवाल्याला संध्याकाळच्या आत 51,000 रुपयांचे टोकन हवे आहे, आणि ऑफिसातली तुझी मैत्रीण म्हणते की एजंटाची भानगडच नको, सरळ मालकाला गाठ. निघताना तू विचारलेस, "काका, यांतला चांगला कोण हे ओळखायचे कसे?" मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली, कारण खरे उत्तर द्यायचे तर माझीच एक गोष्ट सांगावी लागली असती आणि ती तुझ्या काकूसमोर काढण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून हे पत्र.

उत्तर एका ओळीचे आहे. ज्याने तुला एखादे तरी घर 'घेऊ नका' म्हणून सांगितलेले नाही, त्याच्यामार्फत घर घेऊ नकोस. बाकी सारे यानंतर.

तू लगेच म्हणशील की रेरा नोंदणी, रेटिंग, अनुभव हे सगळे मी पाहिले आहे. पाहिलेच पाहिजे, त्यात विशेष काही नाही. महाराष्ट्रात मे 2017 पासून महारेरा आहे, म्हणजे रेरा कायद्याखाली बिल्डर आणि एजंटांवर नजर ठेवणारे सरकारी प्राधिकरण. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकून देणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी लागते, त्याचा क्रमांक 'ए' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो आणि प्रकल्पाचा 'पी' ने. 2023 पासून तर एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणेही सक्तीचे झाले आहे. दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे. मात्र वारज्याची ती जुनी सोसायटी या चौकटीत येत नाही, आणि केवळ जुन्या घरांचे रीसेल करणाऱ्याकडे असा क्रमांक नसणे हा गुन्हाही नाही. म्हणजे जिथे कागदांचा गुंता सर्वांत जास्त, तिथेच हा आधार नाही. नोंदणीमुळे माणूस सापडतो. त्याचा स्वभाव आपल्यालाच तपासावा लागतो.

आता पुनावळ्याच्या त्या गोड मुलाविषयी. तो तुला म्हणाला, "मॅडम, आमची ब्रोकरेज झिरो," आणि तू हरखून गेलीस. बाळ, तू हिशेब तपासणाऱ्या माणसाची मुलगी आहेस. तुझे बाबा आणि मी बावीस वर्षे एका टेबलावर व्हाउचरे तपासली. पगार कोणाकडून मिळतो हे पाहिल्याशिवाय आम्ही कोणाच्या सहीवर विश्वास ठेवला नाही. त्या मुलाला 'चॅनेल पार्टनर' म्हणतात. तू बुकिंग केलेस की त्याचे पैसे बिल्डर देतो, नाही केलेस तर त्याला पेट्रोलही सुटत नाही. यात बेकायदा काही नाही आणि तो मुलगा वाईटही नसेल, पण तो बिल्डरचा माणूस आहे एवढे धरून चाल. त्याच्याकडून सॅम्पल फ्लॅट पाहा, दरपत्रक घे, चहा घे. सल्ला घेऊ नकोस. तो तुला 'घेऊ नका' म्हणेल ते फक्त दुसऱ्या बिल्डरच्या घराविषयी.

माझी गोष्ट आता सांगतो.

2001 साली मी धायरीच्या बाजूला घर शोधत होतो. तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती. महापालिका आली ती पुष्कळ उशिरा, 2017 मध्ये. सिंहगड रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसणारे एक एजंट मला कोणीतरी सुचवले होते. रेक्झिनची पिशवी, लाल-निळी पेन्सिल आणि फार कमी बोलणे. त्यांनी चार घरे दाखवली. चौथे आम्हा दोघांना पाहताक्षणी आवडले: पूर्वेची गॅलरी, समोर शेत, किंमत सव्वापाच लाख. मी विसार द्यायला तयार होऊन त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक होता सात-बारा, दुसरा जमीन अकृषिक केल्याचा आदेश. पेन्सिलीच्या लाल टोकाने त्यांनी दोन्हीवर गोल केला. सात-बाऱ्यावरच्या गट क्रमांकाच्या शेवटी सात होता, आदेशावर चार. "साहेब, हा आदेश शेजारच्या गटाचा आहे. तुमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, तिचा आदेश मालकाकडे नाही. घेऊ नका."

यावर मी काय करावे? मी मनात म्हटले, हा आपल्याला वारज्याच्या महागड्या घराकडे वळवतो आहे, कारण किंमत वाढली की त्यांची दोन टक्के दलालीही वाढते. त्यांना 'विचार करतो' म्हणालो आणि त्याच संध्याकाळी स्कूटर काढून परस्पर मालकाकडे गेलो. घर मालकाने विकले, एजंट टळला, माझे साडेदहा हजार वाचले.

तो माझा जवळजवळ एका महिन्याचा पगार होता, हे तू लक्षात घे. घरात दोन लहान मुले होती, आईचे औषधपाणी चालू होते, आणि दलाली बुडवणे हे तेव्हा सगळेच करत, त्याला कोणी बुडवणे म्हणतही नसे. भविष्य निर्वाह निधीतून उचललेली रक्कम आणि पतसंस्थेचे कर्ज यांवर भागले, त्यामुळे बँकेचा वकील मध्ये आलाच नाही; तो आला असता तर त्यानेही तेच लाल गोल केले असते. हे सारे खरे आहे, आणि तरीही मी ज्यांच्या डोळ्यांनी घर पाहिले, ज्यांच्या चपला माझ्यासाठी झिजल्या, त्यांना चहाचेही पैसे न देता मी पाठ फिरवली, हेही तितकेच खरे आहे.

पुढे चौदा वर्षे ते घर माझ्या गळ्यात राहिले. विकायला काढले की गिऱ्हाईक येई, गॅलरीत उभे राहून खूश होई, पंधरा दिवसांनी त्याच्या बँकेकडून कागद परत येत. शेवटी बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी किमतीला, रोखीने घेणाऱ्या एका गृहस्थांना मी ते दिले, तेही दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवून आणि गट क्रमांकाची चूक स्वतः दाखवून. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नात्यातले काही लोक आजही म्हणतात की मी तेव्हा बोललो नसतो तर दोन लाख अधिक मिळाले असते. मिळाले असते. मला नको होते.

तर माझ्या हट्टाचे मूळ हे आहे. आता तू विचारशील, आणि तुझ्या स्वभावाप्रमाणे विचारशीलच, की 'घेऊ नका' हेसुद्धा नाटक असू शकते. असते ना! हा जुना डाव आहे: आधी दोन रद्दी घरे दाखवायची, त्यांना स्वतःच नावे ठेवायची, म्हणजे तिसरे घर सोन्याचे वाटते आणि दाखवणारा साधू. मी त्या सज्जन माणसावर याच डावाचा संशय घेतला आणि फसलो, म्हणून दोघांमधला फरक मी पुष्कळ वर्षे घोळवला आहे. नाटकी नकार चवीचा असतो: दिशा बरोबर नाही, वस्ती तुमच्यासारखी नाही, स्वयंपाकघर अंधारे आहे. खरा नकार कागदावर बोट ठेवून येतो: भोगवटा पत्र, म्हणजे इमारतीत राहण्याची परवानगी, नाही, सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचे हस्तांतर, झालेले नाही, विकणाऱ्याकडे नुसते कुलमुखत्यारपत्र आहे, इंडेक्स टूवरचे, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावरचे, क्षेत्र आणि जाहिरातीतले क्षेत्र जुळत नाही. आणि हा नकार तुला पसंत पडलेल्या घराविषयी येतो, म्हणजे ज्यात त्याचे पैसे हातातोंडाशी आलेले असतात तिथे. तो कागद घेऊन तू कोणत्याही वकिलाकडे जाऊ शकतेस. मी गेलो नाही. शंभर-दोनशे रुपयांत दुसरे मत मिळाले असते, पण मला मत नको होते, गॅलरी हवी होती.

वारज्याच्या एजंटाचे काय करायचे ते सांगतो. टोकन देऊ नकोस. आधी त्याला विचार, "गेल्या वर्षभरात तुम्ही कोणाला घर घेऊ नका म्हणालात, आणि का?" जो माणूस हे काम मन लावून करतो त्याला असे दोन-तीन किस्से तोंडपाठ असतात, कारण त्याचे पैसे गेलेले असतात आणि ते कोणी विसरत नाही. जो हसून म्हणेल की 'आमच्याकडे सगळी क्लिअर टायटलचीच घरे असतात', त्याला नमस्कार करून ये. मग त्या फ्लॅटचा भाग दाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), मागची सर्व खरेदीखते, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि भोगवटा पत्र यांच्या प्रती माग, आणि त्या कोण आणून देतो, किती दिवसांत, कपाळाला आठी घालून की न घालता, हे बघ. दलालीचेही पहिल्याच भेटीत लेखी ठरव. पुण्यात रीसेलला घेणाऱ्याकडून एक ते दोन टक्के घेण्याचा रिवाज आहे आणि बहुधा विकणाऱ्याकडूनही घेतात. तो दोन्हीकडून घेणार असेल तर त्याने ते तोंडाने सांगितले पाहिजे. आणि ठरलेली दलाली घासाघीस न करता दे. अर्धा टक्का वाचवण्यासाठी तू त्याला इतके पिळलेस की उद्या नको म्हणणे त्याला परवडणार नाही, तर दोष त्याला देऊ नकोस.

पुनावळ्याचे घर तुला मनापासून हवे असेल तर तेही घे, माझी हरकत नाही. पण नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही, एवढे पाठ कर, आणि कागद स्वतःच्या वकिलाला दाखव. बिल्डरने सुचवलेला वकील स्वतःचा नसतो, हे मला तुला पुन्हा सांगायला लावू नकोस.

मैत्रिणीचे 'थेट मालकाला गाठ' हे ऐकून मला राग आला होता, तो तिच्यावर नव्हता, हे आता तुला कळले असेल.

ते धायरीचे एजंट मला 2009 च्या सुमारास दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दिसले होते. त्यांनी ओळखले, बाकावर जागा करून दिली, घर कसे आहे विचारले. मी बरे आहे म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारले नाही. आता ते थकले आहेत, त्यांचा मुलगा काम पाहतो, झेरॉक्सचे दुकान गेले पण मागची खोली तीच आहे, आणि वारजे, कर्वेनगर त्या मुलाला चांगले माहीत आहे असे ऐकतो. पत्ता पाकिटाच्या आत वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. शनिवारी सकाळी जा, वारज्याच्या फ्लॅटचे कागद बरोबर ने, आणि तो काय म्हणतो ते मला फोन करून कळव. कोणी पाठवले असे विचारले तर माझे नाव सांगू नकोस. किंवा सांग, ते तूच ठरव.

तुझा,
काका